आईंना घेऊन वेंगनला

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकचे. मी, बायको, तेरा आणि आठ वर्षांची दोन मुलं आणि माझी आई. आईचं वय 69, गुडघे दुखतात. येत्या मे महिन्यात स्वित्झर्लंडला जाऊन मुलांना स्कीइंग शिकवायचं मनात आहे. टूरवाले आठ दिवसांत पाच शहरं दाखवतात, त्यात बर्फ एकच दिवस. आम्हाला एका गावात निवांत राहायचंय. वेंगन कसं? आईला खोलीतच बसून राहावं लागेल का? आणि सोबत काय न्यावं?

उत्तर : एका गावात आठवडा काढायचा विचार उत्तम आहे आणि वेंगनची निवडही. फक्त मे महिना नको. तोवर तिथल्या स्कीच्या लिफ्ट बंद झालेल्या असतात, वरच्या पायवाटांवर ओला बर्फ असतो आणि उन्हाळी हंगाम सुरू झालेला नसतो. मुलांना शिकवायचंच असेल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा धरा. 26 जानेवारीची सुट्टी जोडून मिळते; उरलेल्या दिवसांसाठी शाळेत आधीच बोलून ठेवा. त्याआधी, जानेवारीच्या मध्याला, लाउबरहॉर्नची स्की शर्यत असते. 1930 पासून चालत आलेली ही शर्यत म्हणजे वेंगनची जत्राच, तेव्हा गावात खोली मिळणं मुश्कील. फेब्रुवारीत तिथल्या शाळांना सुट्ट्या लागतात, गर्दी आणि दर दोन्ही चढतात.

वेंगन 1,274 मीटरवर आहे आणि तिथे मोटारगाडी जात नाही. झुरिकहून इंटरलाकन, तिथून लाउटरब्रुनन आणि मग दात्यांच्या रुळावरची छोटी गाडी. ही रेल्वे 1893 पासून चालू आहे. अंगणात स्टेशन असल्यासारखं हे गाव आहे, म्हणूनच मी ते आईंसाठी सुचवते. त्यांना याच गाडीने क्लाइन शाइडेकला न्या, 2,061 मीटरवर. आयगर शिखराचा काळा कडा समोर उभा असतो आणि तो बघायला एक पायरीसुद्धा चढावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी गावातूनच केबलकारने मेनलिशनला जा. वर उन्हात खुर्च्या मांडलेल्या असतात. तिथून क्लाइन शाइडेकपर्यंत चालणाऱ्यांसाठी बर्फ दाबून वाट केलेली असते. आईंना झेपेल तेवढं चालून परत फिरता येतं. युंगफ्राउयोख हे त्याहून वरचं रेल्वे स्टेशन मात्र 3,454 मीटरवर आहे. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना तिथे नेऊ नका.

आईंसाठी एक वस्तू विसरायची नाही : बुटांवर चढवायचे रबरी काटे. गावातल्या गल्ल्यांवर सकाळी काचेसारखा गोठलेला थर असतो आणि गुडघेदुखीच्या माणसाला खरी भीती त्याचीच. हातात काठीही असू द्या.

आता स्की. विकत काहीही घेऊ नका, गावात सगळं भाड्याने मिळतं. वेळ द्यायचा तो बुटांना. आत पातळ आणि लांब असा एकच मोजा घालायचा; थंडी वाजेल म्हणून दोन घातले तर पाय आत सरकतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की ती मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, दुसरा मागा. दुकानदार कंटाळत नाही, रोजचंच आहे त्यांचं. हेल्मेट सगळ्यांना हवंच.

नवशिक्यांचा उतार गावाच्या मधोमध आहे. मुलांना पहिल्या दिवसापासून स्की शाळेत घाला आणि तुम्ही दोघांनीही निदान तीन सकाळी शिकवणी घ्या. स्कीच्या उतारांना, म्हणजे पट्ट्यांना, रंग दिलेले असतात : निळी पट्टी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. निळीवर हवं तिथे थांबता येऊ लागलं की मगच लालचा विचार करा. आणि मुलांना एक नियम पाठ करवा : खाली जो आहे त्याचा हक्क पहिला, वरून येणाऱ्याने सांभाळायचं.

जीन्स घरीच ठेवा, ती भिजली की वाळत नाही. लोकरीचा आतला थर, वर पाणी न झिरपणारं जाकीट. ढग असले तरी सनस्क्रीन लावाच. बर्फावरून ऊन उलटून हनुवटीखालीही भाजतं.

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. पोहे, मेतकूट, गोडा मसाला खुशाल न्या. तूप, पेढे मात्र नाही. भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यास तिथे मनाई आहे. ताजा कढीपत्ताही नको. तिथलं लोणी फार सुरेख असतं, आईंना सांगा, तेच कढवून तूप करू. कुकर न्यायचा तर शेगडी इंडक्शनची आहे का ते घरमालकाला आधी विचारा. साधा ॲल्युमिनियमचा त्यावर चालत नाही.

शेवटी विमा. शेंगेन व्हिसासाठी (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) 30,000 युरोचा प्रवासविमा लागतोच, पण पुष्कळ पॉलिसींत स्कीइंगचा अपघात वगळलेला असतो. हिवाळी खेळ आणि हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही पॉलिसीत लेखी आहेत ना, ते बघूनच पैसे भरा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा जानेवारीसाठी दिवाळीआधीच कामाला लागा.