आलेखात पाणी चढलं, विहिरीत का नाही?

प्रश्न : मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्यासाठी ‘ग्रेस’ या गुरुत्वाकर्षणावरून पाणी मोजणाऱ्या उपग्रहांची आकडेवारी घेतली. त्यातून ‘ग्लडास’ची, म्हणजे संगणकी मॉडेलने काढलेली, मातीतली ओल वजा केली. आधीच्या ऑक्टोबरपेक्षा भूजल दोनेक सेंटिमीटर वाढलेलं दिसतं, पण विहिरी तशाच आहेत. उपग्रहाचा पाऊसही इथल्या पर्जन्यमापकाशी जुळत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : मुळात ग्रेसला तालुका दिसत नाही. सुमारे 220 किलोमीटर अंतर राखून फिरणाऱ्या दोन उपग्रहांमधलं अंतर खालच्या वस्तुमानानुसार किंचित बदलतं, त्यावरून जमिनीवरच्या आणि खालच्या एकूण पाण्यातला बदल मोजला जातो. साधारण 300 किलोमीटरपेक्षा बारीक फरक त्यात उमटत नाही. फाइलमधली पाव अंशाची घरं (नकाशावरचे चौकोन) ही निव्वळ आखणी. सबंध गोदावरी खोरं घ्या.

दुसरी गफलत धरणाची. ग्लडासच्या ‘नोआ’ या संगणकी मॉडेलमध्ये धरणांचा साठा नसतो. तो वेगळा वजा केला नाही, तर भूजलातच मोजला जातो. जायकवाडीचा उपयुक्त साठा 2,171 दशलक्ष घनमीटर. ग्रेसला जेमतेम दिसेल अशा एक लाख चौरस किलोमीटरवर पसरला तर 2.2 सेंटिमीटर भरतो! आपल्या बेसॉल्टमधून (काळ्या खडकातून) आकारमानाच्या 1 ते 3 टक्केच पाणी निथळतं. 2 टक्के धरले तर 2 सेंटिमीटर म्हणजे विहिरीतली मीटरभर पातळी. धरण विसरलं की एवढी खोटी वाढ दिसू शकते.

वजाबाकीआधी एककं तपासा. ग्लडासचे चारही थर (2 मीटरपर्यंत) किलो प्रति चौरस मीटरमध्ये, म्हणजेच मिलिमीटरमध्ये असतात. ग्रेसच्या सेंटिमीटरशी जुळवायला 10 ने भागा. ग्रेसचे आकडे 2004 ते 2009 च्या सरासरीपासूनचा फरक दाखवतात, तेव्हा ओल आणि धरणसाठ्यातूनही त्याच वर्षांची सरासरी वजा करा. 2017-18 मध्ये जुनी जोडी थांबून नवी सुरू होईपर्यंतची खिंडार सरळ रेषेने बुजवू नका, त्यात जवळजवळ अख्खा पावसाळा आहे.

पावसाचा घोळ बहुधा घड्याळाचा. ‘आयमर्ग’चा, म्हणजे उपग्रहांवरून काढलेल्या पावसाच्या आकडेवारीचा, दिवस आपल्या पहाटे 5.30 ला सुरू होतो, पर्जन्यमापकाचा सकाळी 8.30 ला, शिवाय मापकाची नोंद दुसऱ्या दिवशीच्या तारखेला पडते. अर्ध्या तासाच्या फाइली 8.30 ते 8.30 अशा जोडा आणि ‘फायनल’ आवृत्तीच वापरा, ती साडेतीन महिने उशिरा येत असली तरी. एक घर सुमारे 11 किलोमीटरचं असल्याने वळवाच्या सरींत फरक राहणारच. मासिक बेरीज जुळली तरी पुरे.

तालुक्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी घ्या. मे ते ऑक्टोबरमधली मीटरमधली चढ × 0.02 (वरचे 2 टक्के) × क्षेत्रफळ म्हणजे भूजलात पडलेली भर, एवढं गणित ग्रेसपेक्षा कामाचं.