घोणस चावल्यावर मुलाचे डायलिसिस झाले होते. आता क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ असेल तर तपासण्या थांबवाव्यात का?

तुमच्या प्रश्नानुसार आठ वर्षांच्या मुलाला चौदा महिन्यांपूर्वी घोणस चावली, अतिदक्षता विभागात लघवी बंद झाल्याने डायलिसिस करावे लागले, घरी सोडताना क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) ०.५ होते आणि आता ०.७ आले आहे. अहवालावर छापलेल्या ०.६ ते १.२ या मर्यादेत ते बसत असल्याने पुढे काही करण्याची गरज नाही, असे तुम्हाला सांगण्यात आले. मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलाला न तपासता निदान करणे योग्य नव्हे, परंतु या सल्ल्याशी मी सहमत नाही.

ती मर्यादा प्रौढांची आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होत असल्याने लहान मुलात ते मुळातच कमी असते, म्हणून मुलांच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढताना उंची विचारात घ्यावी लागते. सेंटिमीटरमधील उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागावे, असे त्याचे सोपे सूत्र आहे. तुम्ही दिलेली १२२ सेंटिमीटर उंची धरली तर उत्तर सुमारे ७२ येते. निरोगी मुलात ते साधारणपणे ९० च्या वर असते. हे सूत्र मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या मुलांच्या अभ्यासातून आले असल्याने चांगल्या मूत्रपिंडाची क्षमता ते थोडी कमी दाखवू शकते, शिवाय प्रयोगशाळेच्या पद्धतीनुसारही आकडा बदलतो. म्हणून ७२ हा आकडा घाबरण्याचा नाही, पण दुर्लक्ष करण्याचाही नाही.

त्याचबरोबर ०.५ चे ०.७ झाले म्हणजे मूत्रपिंड बिघडत चालले, असाही निष्कर्ष काढू नका. अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्या मुलाचे स्नायू झडलेले असतात, त्यामुळे त्या वेळचे क्रिएटिनिन फसवे कमी येते. स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी जवळच्या शहरात होत असल्यास एकदा करून घ्यावी.

घोणसीच्या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि मूत्रपिंडातील नलिकांना इजा होते. नलिकांच्या पेशी पुष्कळदा पुन्हा तयार होतात. मात्र मूत्रपिंडाच्या बाहेरील थराचा काही भाग मृत झाला असेल तर तो परत येत नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात आणि ते सर्व जन्मापूर्वीच्या काळात घडतात, त्यामुळे गमावलेल्यांचे काम उरलेल्यांना करावे लागते. या जादा भारामुळे क्रिएटिनिन कित्येक वर्षे ठीक दिसू शकते आणि बिघाडाची पहिली खूण लघवीतील प्रथिनांत किंवा रक्तदाबात उमटते. माझ्या मते तुमच्या मुलासाठी क्रिएटिनिनपेक्षा या दोन तपासण्या अधिक महत्त्वाच्या आहेत, आणि तुमच्या प्रश्नात त्यांचाच उल्लेख नाही.

सकाळच्या पहिल्या लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर या वयात ०.२ पेक्षा कमी असावे. रक्तदाब मुलाच्या दंडाला साजेसा पट्टा वापरून मोजावा आणि वय, लिंग व उंचीच्या तक्त्याशी ताडून पाहावा, कारण ११८/७८ हा प्रौढाचा उत्तम रक्तदाब आठ वर्षांच्या सर्वसाधारण उंचीच्या मुलासाठी जास्त ठरतो.

मूत्रपिंडाला अशी तीव्र इजा झाल्यानंतर तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१२ मध्येच सांगितले आहे. ती वेळ टळली असली तरी आता मुलांच्या मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना दाखवा. सर्व ठीक निघाल्यास वर्षातून एकदा तपासणी पुरते; परंतु ती वयात येण्याच्या काळापर्यंत चालू ठेवावी, कारण शरीर झपाट्याने वाढते तेव्हा उरलेल्या नेफ्रॉनांवरचा भारही वाढतो. प्रथिने जात असल्यास किंवा रक्तदाब जास्त असल्यास औषधे उपलब्ध आहेत. मुलाची डाळ, अंडी, दूध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. वाढत्या वयात त्याने नुकसानच होते. लोणचे, पापड, फरसाण कमी केलेले चांगले.

तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक आम्ल असलेली तापाची औषधे टाळावीत, विशेषतः जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झालेले असताना. आणि दुकानातून मागून आणलेल्या बाटलीत बऱ्याचदा हीच असतात. मूत्रपिंडाला इजा करू शकणाऱ्या अमिकासिन किंवा जेंटामायसिन या प्रतिजैविकांचे इंजेक्शन सुचवले गेल्यास डायलिसिसचा इतिहास आवर्जून सांगा. रुग्णालयाच्या कागदावर कधी कधी केवळ ‘सर्पदंश’ एवढेच लिहिलेले असते. तसे असल्यास मूत्रपिंडाला झालेली इजा आणि डायलिसिसच्या तारखा त्यांच्याकडून लेखी घेऊन मुलाच्या फाइलला लावून ठेवा.