बोर्ड बदलला, विंडोजचं काय?

प्रश्न : मी पेडण्यात घरूनच डीटीपीची कामं करते. पावसाळ्यात वीज पडून ब्रँडेड कॉम्प्युटरचा मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) जळाला. म्हापशाच्या एका दुकानदाराने दुसऱ्याच कंपनीचा बोर्ड बसवला आणि ‘विंडोजसकट’ पैसे घेतले. काही महिन्यांनी स्क्रीनवर ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ दिसू लागलं. दुकानदार बरेच दिवस ‘फाल्यां या’, म्हणजे उद्या या, म्हणत राहिला. आता म्हणतो, लायसन्स तुमचं तुम्ही बघा. बिल घेतलं नव्हतं, पैसे यूपीआयने दिले. पावणेदोन वर्षं झाली. दाद मागता येईल का?

उत्तर : दर पावसाळ्यानंतर असे प्रश्न येतात. तुम्ही पोटापाण्यासाठी स्वतः काम करता, त्यामुळे ‘व्यावसायिक वापर, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ हा आक्षेप बहुधा टिकणार नाही. त्यावर वेळ घालवत नाही.

खरा प्रश्न एका अटीचा आहे. कॉम्प्युटरबरोबर आलेलं विंडोज, म्हणजे ओईएम लायसन्स, त्याच यंत्रापुरतं असतं. रॅम बदला, हार्ड डिस्क बदला, ते कायम राहतं. मदरबोर्ड बदलला की मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते यंत्रच नवं. सवलत एवढीच : जुना बोर्ड बिघडल्यामुळे बदलला असेल आणि जागी त्याच मेक-मॉडेलचा, किंवा उत्पादकाच्या वॉरंटीनुसार समतुल्य ठरणारा बोर्ड बसवला असेल, तर नवं लायसन्स लागत नाही. तुमचा बोर्ड जळाला होता, म्हणजे निम्मी अट पुरी. उरलेली निम्मी दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा बोर्ड बसवून घालवली. म्हणून ‘माझं जुनं विंडोज परत द्या’ अशी मागणी करू नका. बोर्ड बदलल्यावर लायसन्स जाईल हे सांगितलं नाही, आणि विंडोजचे पैसे घेऊन अस्सल विंडोज दिलं नाही, एवढीच तक्रार मांडा.

आता पुरावा. जळालेला बोर्ड दुकानातच टाकून आलात का? बहुतेक जण तेच करतात, आणि मग तो खरंच बिघडला होता हे सिद्ध करायला माझ्याकडे येतात! बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) खाली अनुचित व्यापार प्रथाच आहे. पण जीएसटी वाचवायला तुम्हीच बिल नको म्हणाला असाल, तर समोरचा वकील ते काढल्याशिवाय राहणार नाही. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवा. मोबाईल बदलणार असाल तर आधी बॅकअप घ्या.

याच कायद्याच्या कलम 69 नुसार तक्रारीची मुदत दोन वर्षं. ती बोर्ड बसवल्याच्या तारखेपासून धरा. ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ नंतर दिसलं, हा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका. दुकानदाराचं ‘फाल्यां या’ ऐकत तुम्ही बराच काळ घालवलात. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही, नोटीस पाठवूनही नाही. सबळ कारण असेल तर ग्राहक आयोग विलंब माफ करतो, मात्र ‘तो उद्या म्हणत होता’ हे कारण मी तरी लिहिणार नाही. नोटीस पाठवायची तर पंधरा दिवसांची द्या, आणि तक्रारीचा मसुदा त्याच दिवशी तयार ठेवा. तक्रार उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे. मोबदला, म्हणजे तुम्ही दुकानदाराला दिलेली रक्कम, पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. निकालासाठी कायद्यात तीन महिने लिहिले आहेत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त धरून चाला.

दुकानदाराने टाकलेलं विंडोज चोरीचं असेल, तर तुमचीही मान अडकू शकते. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम 63ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे : किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड. आतापर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येईल. हे वाचल्यावर ते कठीण. रिटेल, म्हणजे सुटं मिळणारं लायसन्स विकत घ्या, या वेळी बिल घ्या, आणि ती रक्कम नुकसानभरपाईत मागा. मात्र जुनं विंडोज पुसण्याआधी सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानाचा आणि बसवलेल्या बोर्डवरच्या मॉडेल क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.