पाडलेल्या आश्रयघराची आठवण शिल्पातून जपता येते का?

तुम्ही विचारलंय की, अमेरिकेत गुलामीतून पळालेल्यांना लपवणारी घरं जिथे पाडली गेली, तिथे नुसती पाटी पुरे की शिल्प उभारावं? मी डेट्रॉइटजवळ राहतो. शिल्प उभारावंच, पण ते तिथल्याच माणसांचं आणि तिथल्याच वाटेचं असावं.

इथे हार्ट प्लाझामध्ये, अगदी नदीकाठी, शिल्पकार एड ड्वाइट यांचं 'गेटवे टू फ्रीडम' हे ब्रॉन्झ शिल्प आहे. पळून आलेली माणसं घोळक्याने उभी आहेत आणि त्यांना पळायला मदत करणारा जॉर्ज डबॅप्टिस्ट हात लांब करून पैलतीर दाखवतोय. पैलतीर म्हणजे कॅनडातलं विंडसर. आमच्या मिशिगन राज्यात गुलामी नसली, तरी १८५० च्या कायद्यामुळे पळून आलेल्या कुणालाही इथून धरून मालकाकडे परत नेता यायचं. म्हणून नदी ओलांडणं भाग होतं. हा डबॅप्टिस्ट स्वतः कृष्णवर्णीय. त्याने चक्क एक आगबोट विकत घेतली. कृष्णवर्णीयांना बोट चालवण्याचा परवाना मिळत नसे, तर त्याने गोरा कप्तान नेमला आणि माणसं पार पोचवली! हे कळल्यावर तो लांब केलेला हात वेगळाच दिसायला लागतो.

विंडसरलाही ड्वाइट यांचंच जोडशिल्प आहे, दोन्ही २००१ सालची. तिथे एक लहान मुलगी हातात बाहुली घेऊन मागे डेट्रॉइटकडे बघतेय. सुटका झाली तरी मागे कोण कोण राहिलं, हे त्या पोरीमुळे जाणवतं. माझ्या मते दोन्ही स्मारकांतलं सगळ्यात खरं काम तेच.

उलट डेट्रॉइटमधलाच सेमूर फिनीचा तबेला बघा. फिनीचं हॉटेल होतं. गुलाम पकडायला आलेले लोक तिथे उतरायचे, आणि ज्यांच्या मागावर ते आलेले असत ती माणसं त्याच्याच तबेल्यात लपलेली असायची, असं सांगतात. तबेला कधीच गेला, जागेवर फक्त पाटी आहे. लोक न वाचता पुढे जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्याकडे समिती असेल तर शिल्पकार ठरवण्याआधी तिथल्या जुन्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये जा. इथल्या सेकंड बॅप्टिस्ट चर्चने (स्थापना १८३६) सुमारे ५,००० जणांना मदत केल्याचं चर्चची मंडळी सांगतात. आश्रय देणाऱ्या गोऱ्या घरमालकाचं नाव बहुतेक वेळा आधीच नोंदलेलं असतं. बाकीची नावं अशा चर्चमध्ये विचारावी लागतात, आणि शिल्पावर ती आधी कोरावीत.