वाचकांचे प्रश्न : कोकणकड्यावर हललेली छायाचित्रे

प्रश्न : डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम करून मी कोकणकड्यावरून रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे काढली. कॅमेरा डीएसएलआर, लेन्स २४ मिलिमीटरची आणि एक्स्पोजर २० सेकंदांचे होते. ट्रायपॉड जेमतेम एक किलोचा असून त्याचे पाय पाच टप्प्यांत उघडतात. खोक्यावर मात्र ‘८ किलो वजन पेलतो’ असे छापले आहे. तरीही बहुतेक छायाचित्रे हललेली आली. आता कार्बन फायबरचा महाग ट्रायपॉड घ्यावा काय?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : खरेदीपूर्वी ती छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहावीत. कड्याचे खडक रेखीव आणि तारे तेवढे बारीक रेघांसारखे दिसत असतील, तर ट्रायपॉड निर्दोष आहे; पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते आणि २० सेकंदांत तेवढी रेघ उमटतेच. खडक आणि तारे दोन्ही एकाच दिशेने फराटल्यासारखे दिसत असतील, तर कॅमेरा हलला आहे. सगळेच सारखे धूसर दिसत असेल, तर चूक फोकसची आहे आणि त्यावर कोणताही ट्रायपॉड उपाय नाही.

कॅमेरा हलला असेल, असे मला आपल्या वर्णनावरून वाटते. खोक्यावरचा वजनाचा आकडा ट्रायपॉड किती भार सहन करतो एवढेच सांगतो, तो किती स्थिर राहतो हे सांगत नाही. शिवाय तो मोजण्याची सर्व उत्पादकांची पद्धत एक नाही. स्थिरता मुख्यतः नळीच्या जाडीवर अवलंबून असते. धातू आणि पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर तिचा ताठपणा सुमारे आठपट होतो. पाच टप्प्यांच्या पायातला शेवटचा टप्पा बोटाएवढा बारीक असतो आणि कड्यावरून वर उसळणाऱ्या वाऱ्यात तोच थरथरतो. म्हणून तीन किंवा चार टप्प्यांचा, जाड नळ्यांचा आणि मधला दांडा न उचलता छातीच्या उंचीपर्यंत येणारा ट्रायपॉड निवडावा. मधला दांडा वर उचलला, की तीन पायांवर उभ्या असलेल्या ट्रायपॉडच्या डोक्यावर आपण एक एकपायी काठी रोवतो, हे ध्यानात ठेवावे.

दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा न्यावा. ट्रायपॉड पूर्ण उघडून त्यावर कॅमेरा बसवावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरील थेट चित्रात, दूरची एखादी पाटी जास्तीत जास्त मोठी करावी, पायावर टिचकी मारावी आणि चित्र किती वेळात स्थिरावते ते पाहावे. विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा ही टिचकी अधिक खरे बोलते. कार्बन फायबर हलके असते आणि कंप लवकर शमवते, त्यामुळे गड चढताना त्याचा लाभ होतो. पण हलका ट्रायपॉड वाऱ्यात सहज ढळतो, हेही तितकेच खरे. खिसा परवानगी देत नसेल, तर दोन किलोच्या आसपासचा जाड ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड मी निःसंकोच सुचवीन.

आहे त्याच ट्रायपॉडवरही बरेच साधता येईल. आधी वरचे जाड टप्पे उघडावेत, शेवटचा बारीक टप्पा शक्यतो बंदच ठेवावा आणि बसून छायाचित्रे काढावीत. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला टेकवावेत. सॅक मधल्या दांड्याच्या हुकाला लटकवल्यास ती जमिनीला किंचित टेकलेली असावी, कारण अधांतरी सॅक लंबकासारखी झुलते. कॅमेऱ्याचा फडफडणारा गळपट्टा काढून ठेवावा, लेन्समधील कंपनरोधक सोय बंद करावी आणि हाताने बटण न दाबता सेल्फ टायमर वापरावा.

प्रश्न : समुद्राच्या पाण्यात ट्रायपॉड उभा केल्यास तो खराब होतो काय?
– एक वाचक, मालवण

उत्तर : काळजी न घेतल्यास होतो. येथे वरचा नियम उलटा करावा : सर्वांत खालचा टप्पा आधी उघडावा, म्हणजे सांधे पाण्याच्या वर राहतात. पाय वाळूत दाबून रोवावेत आणि मोठी लाट ओसरली की पुन्हा दाबावेत, कारण लाट पायांखालची वाळू ओढून नेते. घरी आल्यावर पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवावेत आणि पूर्ण वाळेपर्यंत मिटू नयेत.