क्रूझ नागासाकीला एकच दिवस थांबणार आहे. जहाजाची टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

तुम्ही लिहिलंय की जहाज सकाळी ८ ला लागतं, संध्याकाळी ६ ला सुटतं आणि सोबत सत्तरीचे आईबाबा आहेत. आम्ही सासूबाईंना घेऊन असेच गेलो होतो. आईबाबांना थोडं चालवत असेल तर टूर घेऊ नका. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या कुटुंबाने घेतली होती. त्यांना अणुबॉम्ब संग्रहालयात पाऊण तास मिळाला आणि मोत्यांच्या दुकानातही तेवढाच.

मात्सुगाए धक्का शहरातच आहे. चालत ओउरा भागात ट्रामचा थांबा गाठायचा, चायनाटाउनला गाडी बदलायची आणि आधी थेट उराकामीला, म्हणजे अणुबॉम्ब संग्रहालयाच्या भागात, जायचं. सगळ्यात लांबचं आधी उरकलं की पुढचा प्रत्येक टप्पा जहाजाच्या जवळ आणतो आणि दुपारनंतर घड्याळाची धास्ती राहत नाही. ट्राममध्ये मागून चढायचं, उतरताना पुढे चालकापाशी पैसे टाकायचे. चौघं असाल तर दिवसभराचा पास काढा, सुट्यांची कटकट नको.

संग्रहालयाला दोन तास द्याच. ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. त्या वेळेवर थांबलेलं भिंतीवरचं घड्याळ तिथे आहे. वितळून एकमेकींना चिकटलेल्या काचेच्या बाटल्या आहेत. सासूबाई एका जपमाळेसमोर कितीतरी वेळ उभ्या होत्या, मणी वितळून गोळा झालेली माळ. मूळ लक्ष्य कोकुरा शहर होतं, तिथे खालचं काही दिसेना म्हणून विमान इकडे वळलं, हे वाचल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. बाहेर पडलात की जवळच स्फोटाच्या जागेचा काळा दगडी खांब आहे. शांती उद्यानातला मोठा पुतळा थकवा असेल तर सोडा, पण सान्नो देवळाची एका पायावर उभी असलेली तोरी कमान सोडू नका. स्फोटात तिचा एक खांब गेला, दुसरा आजही तसाच उभा आहे. तिथली जळालेली कापराची दोन झाडंही पुन्हा फुटली.

परतताना नागासाकी स्टेशनला उतरा. तिथून पाचेक मिनिटांच्या चढावर निशिझाका टेकडी आहे, आणि मी मूळची वसईची असल्यामुळे हिच्याबद्दल जरा जास्त लिहिते. ५ फेब्रुवारी १५९७ ला इथे २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर मारलं. त्यात गोन्सालो गार्सिया होता, वसईत जन्मलेला, वडील पोर्तुगीज आणि आई भारतीय. जपानी चांगली यायची म्हणून तो मिशनऱ्यांचा दुभाष्या झाला. पकडलेल्यांना क्योतोपासून इथवर थंडीत चालवत आणलं होतं. १८६२ मध्ये या सव्वीस जणांना संतपद मिळालं. स्मारकावर सगळे एका ओळीत आहेत, पावलं खाली लोंबती, जणू जमीन सोडून वर निघालेत. मधेच बुटक्या मूर्ती दिसतात, ती मुलं. सगळ्यात लहान बारा वर्षांचा होता. लहानपणापासून आमच्याकडे ज्याचं नाव ऐकत आले, तो इतक्या लांब या ओळीत उभा, हे बघून मला रडू आलं.

पुढचं भराभर. देजिमा हे पोर्तुगिजांसाठी १६३६ मध्ये बांधलेलं पंख्याच्या आकाराचं बेट. १६४१ पासून दोनशेहून जास्त वर्षं तिथे डच व्यापारी राहिले. आता भोवती समुद्र नाही, भराव आहे. मग जहाजाजवळचं ओउरा चर्च. जवळच्या ग्लोव्हर बागेत (जुन्या परदेशी व्यापाऱ्यांची घरं) चढ आहे, पण सरकते जिने आहेत.

जेवणाचं सांभाळा. इथल्या चांपोन नूडल्समध्ये डुकराचं मांस आणि मासे दोन्ही असतात. शाकाहारी असाल तर बेकरीत जा, अंडं चालत असेल तर कास्तेला केक घ्या. जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही पोर्तुगिजांकडूनच आलेले.

व्हिसाचं मात्र तिकीट काढण्याआधी क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या, आणि जहाजाचं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे ना ते उतरताना बघा. आम्ही साडेचारला धक्क्यावर होतो.