गाडी लोअर केली, आता राइड कडक झालीय आणि गॅरेजवाला हात वर करतोय, केस होईल का?

मुलुंडच्या एका वाचकाचा लांबलचक मेसेज आलाय, थोडक्यात सांगते. दीड वर्ष जुनी हॅचबॅक, कंपनीची वॉरंटी अजून चालू. कुर्ल्यातल्या एका गॅरेजमध्ये लोअरिंग स्प्रिंग बसवून गाडी साधारण 40 मिलिमीटर खाली घेतली, लेबरसकट 38 हजार यूपीआयने दिले, बिल काही मिळालं नाही. व्यवहार ठरताना गॅरेजवाल्याने व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं की "कम्फर्टला काही होणार नाही भाई, स्टॉकसारखीच चालेल", म्हणजे कंपनीतून आली तशीच. आता प्रत्येक स्पीडब्रेकरवर पुढून धाडकन आवाज येतो, घरचे गाडीत बसायला कंटाळलेत, आणि डाव्या बाजूचा पुढचा शॉक (शॉक अॅब्सॉर्बर) ऑइल सोडायला लागलाय. सर्व्हिस सेंटर म्हणतं वॉरंटीत बसत नाही, गॅरेजवाला म्हणतो लोअर केली की कडक होणारच, रस्ते खराब त्याला मी काय करू. वाचकाचं म्हणणं, पैसे परत मिळतील का, शॉक वॉरंटीत बदलून मिळेल का, आणि केस केली तर आरटीओ माझ्याच मागे लागेल का.

तुमचा राग कळतो, पण नुसतं "गाडी कडक चालते" ही काही तक्रार नाही. लोअरिंग स्प्रिंग मुळात थोडी कडकच बनवलेली असते, कारण गाडी 40 मिलिमीटर खाली आली म्हणजे चाकाला वर जायची जागाही तेवढीच कमी झाली, मग कमी जागेत धक्का सांभाळायचा तर स्प्रिंग कडक करावी लागते. ग्राहक कमिशनसमोर, म्हणजे जिल्हा ग्राहक आयोगासमोर, समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत हेच सांगेल आणि तुमची केस तिथेच बसेल. तुम्हाला दाखवायला लागेल की कडकपणा लोअरिंगमुळे जेवढा यायला हवा त्यापेक्षा जास्त आहे आणि तो चुकीच्या कामामुळे आलाय. म्हणजे आधी गाडीचं निदान, मग नोटीस, उलटं नाही.

म्हणून त्या गॅरेजमध्ये गाडी "एकदा बघून घे" म्हणून परत नेऊ नका, तो गुपचूप दोन नट ढिले-घट्ट करेल आणि पुरावा गेला. दुसरा, या भानगडीशी संबंध नसलेला सस्पेन्शनचा माणूस शोधा, लेटरहेडवर लिहून देणारा असला पाहिजे, आणि त्याच्याकडून काही गोष्टी तपासून घ्या. मी मेकॅनिक नाही, पण अशा केसेसचे कागद वाचून वाचून कुठे बघायचं ते कळतं. तुमचं लक्षण "धाडकन आवाज" आहे, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण सगळ्याच रस्त्यावर गाडी सारखीच टणक लागणं वेगळं आणि मोठ्या धक्क्यालाच आपटणं वेगळं. सारखी टणक लागत असेल तर स्प्रिंग, टायरमधली हवा किंवा बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर. आपटत असेल तर बहुतेक शॉक खाली येऊन बंपस्टॉपवर बसतोय. बंपस्टॉप म्हणजे शॉकच्या दांड्यावरचा तो रबराचा किंवा फोमचा ठोकळा. गाडी लोअर केल्यावर तो आखूड घालायचा किंवा स्प्रिंगवाल्या कंपनीने सांगितला असेल तेवढा कापायचा असतो, बरेच जण जुनाच तसाच ठेवून देतात, मग साध्या खड्ड्यातसुद्धा गाडी स्प्रिंगवर न चालता त्या ठोकळ्यावर चालते.

हे सिद्ध करायला लाखाचं मशीन लागत नाही. शॉकवरचा रबरी बूट वर सरकवायचा, चकचकीत दांड्याला एक प्लास्टिकचा केबल टाय बांधायचा, तो खाली शॉकच्या तोंडाशी टेकवायचा, आणि मग तुमच्या नेहमीच्या रस्त्यावरून, म्हणजे एलबीएस मार्गावरून वगैरे, नेहमीच्या स्पीडने एक चक्कर मारायची. शॉक जेवढा दबला तेवढा टाय वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. परत आल्यावर टाय बंपस्टॉपला चिकटलेला दिसला तर तुमचा धाडकन आवाज कुठून येतो ते फोटोत आलं. बाजूला मोजपट्टी धरून फोटो काढा, व्हिडिओत गाडीची नंबरप्लेट आणि तारीख दिसू द्या.

दुसरी गोष्ट लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे बुश. हे बोल्ट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना शेवटचे घट्ट करायचे असतात. घाईतला माणूस गाडी लिफ्टवर लटकलेली असतानाच कसून मोकळा होतो, मग गाडी खाली आली की बुशमधलं रबर कायम पिळलेलं राहतं, ते स्वतःच स्प्रिंगसारखं जोर लावतं, राइड कडक होते आणि बुशही लवकर फाटतो. दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे, पण रिपोर्टमध्ये आलं तर कामातली चूक म्हणून एकदम मजबूत मुद्दा.

आणि स्प्रिंग स्वतः नीट बघून घ्या. तिच्यावर कंपनीचा नंबर छापलेला आहे का, शेवटचा वेढा गुळगुळीत आहे की ग्राइंडरने कापल्याची धार आणि जळालेला रंग दिसतोय? पैसे ब्रँडेड लोअरिंग स्प्रिंगचे घेऊन तुमच्याच जुन्या स्प्रिंग कापून परत बसवल्या असतील तर प्रकरण खराब कामापुरतं राहत नाही, मग भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलमापर्यंत, म्हणजे 318 पर्यंत जाऊ शकतं. यावरून आठवलं, तुमच्या मूळ स्प्रिंग कुठायत? मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखच नाही. त्या तुमच्या मालकीच्या आहेत, गॅरेजमध्ये राहिल्या असतील तर आजच व्हॉट्सअॅपवर मागा, तोंडी नको.

व्हील अलाइनमेंटचा प्रिंटआउट पण काढून ठेवा. गाडी खाली आली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाक पुढून आत किंवा बाहेर वळलेलं असणं) दोन्ही बदलतात, बसवल्यावर अलाइनमेंट केलंच नसेल तर टायर आतून झिजतात, आणि झिजलेला टायर हे तुमचं मोजता येणारं नुकसान आहे. टायरमधली हवा मात्र आधी स्वतः तपासा, ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेली, टायर थंड असताना. हवा जास्त भरल्यामुळे कडक चालत होती असं कमिशनसमोर निघालं तर हसू होईल.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली ही सेवेतली त्रुटी आहे, प्रॉडक्ट लायबिलिटीच्या, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या दाव्याच्या, वाटेला जाऊ नका, तिथे कलम 87 मध्ये स्पष्ट लिहिलंय की वस्तूत फेरफार केलेला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही, आणि वस्तूचं स्वतःचंच झालेलं नुकसान तर त्या व्याख्येत धरतच नाहीत. तुमचा दावा साधा ठेवा: पैसे घेतले, कुशल काम करून देतो म्हणाला, लेखी शब्द दिला, काम चुकीचं केलं. बिल न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरलीय, कलम 2(47) वाचा, त्यामुळे "बिलच नाही तर केस कसली" असं जे तो तुम्हाला ऐकवतोय ते त्याच्याच अंगाशी येतं. यूपीआयचा व्यवहार आणि चॅट पुरेसे आहेत, फक्त चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, आणि चॅट लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट जोडा म्हणजे कोणी शंका घेणार नाही.

"मुंबईचे रस्ते" हा त्याचा बचाव मला तर आवडला, कारण तो त्याच्याच विरोधात जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच, 3.7 मीटर रुंद आणि ताशी 25 किलोमीटरसाठी असायला हवा, आपल्या सोसायट्यांच्या गेटवरचे कसे असतात ते सगळ्यांना माहीत आहे, कुर्ल्यात दुकान टाकून बसलेल्याला तर जास्तच. मग त्याने 40 मिलिमीटर सुचवताना हे सांगायला नको होतं? त्याने तर उलट लिहून दिलं, स्टॉकसारखी चालेल.

पण तुमची बाजू पूर्ण स्वच्छ नाही, हे तोंडावर सांगते. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हे कडक भाषेत सांगितलंय. ग्राउंड क्लिअरन्स आरसीवर लिहिलेला नसतो, त्यामुळे लोअरिंग कलम 52 मध्ये बसतं की नाही यावर वाद घालायला जागा आहे, मी तरी घालेन. पण 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या 182ए(4) मध्ये परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. ग्राहक कमिशन तुमची फाइल उचलून वडाळा आरटीओला पाठवत बसत नाही, तरी गॅरेजचा वकील म्हणणारच की बेकायदा काम सांगणाऱ्याला पैसे कसले परत, कॉन्ट्रॅक्ट अॅक्टचं कलम 23 दाखवेल. त्यावर तुमचं उत्तर, धंदा म्हणून हे काम उघडपणे करणारा तो, कायदेशीर अडचणीबद्दल एक शब्द न सांगणाराही तोच. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे सुनावणीच्या आधी गाडी परत स्टॉकवर आणलेली असणं, रिपोर्ट आणि फोटो झाल्यावर, आणि काढलेले सगळे पार्ट पिशवीत बांधून घरी.

वॉरंटीचं म्हणाल तर त्या शॉकसाठी भांडू नका. कंपनीचा शॉक आखूड स्प्रिंगवर लावला की तो कायम अर्धा दबलेल्या अवस्थेत काम करतो, वर बंपस्टॉपवर आपटतो, सील गेलं तर सर्व्हिस सेंटरचं म्हणणं चुकीचं नाही. हा खर्च गॅरेजकडून मागायचा. पण उद्या एसी किंवा पॉवर विंडो बिघडली आणि त्यांनी "गाडी मॉडिफाय आहे" म्हणून झटकलं तर ते खपवून घेऊ नका, स्प्रिंगचा एसीशी काय संबंध ते जॉब कार्डवर लिहून द्या म्हणावं. इन्शुरन्स कंपनीलाही आत्ताच ईमेल करून कळवा, अपघातानंतर सर्व्हेअरने शोधून काढण्यापेक्षा बरं.

नोटीस कायद्याने सक्तीची नाही पण पाठवा, स्पीड पोस्टने आणि व्हॉट्सअॅपवरही, 15 दिवसांची मुदत देऊन. भाषा शांत ठेवा: अमुक तारखेला तुम्ही माझ्या गाडीला स्प्रिंग बसवल्या, अमुक मेसेजमध्ये असं आश्वासन दिलं, सोबतच्या तपासणी अहवालानुसार बंपस्टॉप बदललेले नाहीत आणि बुश चुकीच्या स्थितीत घट्ट केलेत, म्हणून 38 हजार, शॉकचा खर्च, अलाइनमेंट आणि मूळ स्थितीत आणण्याचा खर्च द्यावा. मानसिक त्रासाचे पाच-दहा हजार मागा, पाच लाख मागू नका, फाइल उघडल्या उघडल्या सदस्यांच्या कपाळावर आठी येते. तुम्ही म्हणताय तो दुकानाच्या नावानिशी रील टाकायचा विचार निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवा, त्याने बदनामीची नोटीस पाठवली तर तुमचेच पैसे माझ्यासारख्यांकडे जातील.

उत्तर आलं नाही तर आधी 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवा, कधी कधी तेवढ्यावर मिटतं. नाहीतर ई-जागृती पोर्टलवर मुंबई उपनगर जिल्हा आयोगाकडे, मुलुंडला राहता म्हणून इथेच चालते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावायची सक्ती नाही, या रकमेला मी तरी लावू नका म्हणेन. मुदत दोन वर्षं, पण तोपर्यंत थांबलात तर बंपस्टॉप, बुश, सील यातलं काहीच आत्ताच्या अवस्थेत राहणार नाही, त्यामुळे येत्या शनिवारी-रविवारी तपासणी उरका आणि रिपोर्ट आला की नोटीस टाका.